हवाई प्रात्यक्षिकांची सहल : विमान दाखवू या, वाटही दाखवू या



"मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न आपण सगळेच वर्गात विचारतो. पोलीस, डॉक्टर, शिक्षक, फॉरेस्ट गार्ड ही उत्तरं आमच्या नागभीड तालुक्यात ठरलेली. पण दर वर्षी चार-सहा मुलं "पायलट" असं लिहितात. एका वर्षी आमच्या सहावी-सातवीच्या वर्गांत अशी ११ मुलं निघाली, त्यांत ४ मुली होत्या. विमानाबद्दल काय माहीत आहे, असं विचारल्यावर एकाने सांगितलं, "सर, इमान लय वरून जाते, पांढरी रेघ सोडते." बाकीच्यांचं ज्ञानही त्या पांढऱ्या रेघेपाशीच थांबत होतं.

चूक त्यांची नाही. नागभीडहून नागपूर साधारण १०० किलोमीटर. नॅरोगेजची छोटी गाडी होती तेव्हा तिला अर्धा दिवस जायचा. ब्रॉडगेजच्या कामासाठी तीही नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. विमान जवळून पाहायचं म्हणजे नागपूर गाठायचं, आणि तिथेही ते विमानतळाच्या भिंतीपलीकडे. म्हणून वायुसेनेची हवाई प्रात्यक्षिकं सर्वांसाठी खुली असतात तेव्हा मुलांना जरूर न्यावं. पण नुसतं नेऊन भागत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते. मुलं पाळण्यात बसतात, जिलेबी खातात, रात्री नाटक पाहतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून धान कापायला जातात. विमानांची सहलही अशीच मंडई होऊ शकते. ती धड्यासारखी कशी घ्यावी, यासाठी हा लेख.

१) सहल कशाची होती?

भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं, म्हणजे देखभाल विभागाचं मुख्यालय नागपूरच्या वायुसेना नगरात आहे. तिथे १९ नोव्हेंबर २०२२ रोजी, शनिवारी, 'एअर फेस्ट' झाला. सूर्यकिरण हा कसरती पथकाचा संघ हे त्याचं मुख्य आकर्षण होतं. आमच्या केंद्रातल्या दोन शाळांनी मिळून एक एसटी केली. पायलट व्हायचं म्हणणारी ११ मुलं आणि त्यांच्यासोबत इतर इच्छुक मुलं, असा गट होता.

सूर्यकिरणची थोडी माहिती शिक्षकांजवळ असावी. हा संघ १९९६ मध्ये बिदर इथे तयार झाला. सुरुवातीला त्याच्याकडे किरण जातीची भारतीय बनावटीची विमानं होती. २०११ मध्ये ती विमानं वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी लागली आणि संघ थांबला. २०१५ पासून तो हॉक विमानांवर पुन्हा उभा राहिला. एका वेळी ९ विमानं उडतात आणि काही रचनांत दोन विमानांच्या पंखांच्या टोकांमध्ये जेमतेम ५ मीटर अंतर असतं. हा ५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या उपक्रमांत तो लागणार आहे.

२) उद्दिष्टं

- वेग, अंतर, वेळ आणि ध्वनी या संकल्पना प्रत्यक्ष अनुभवातून समजणे.
- एका विमानामागे किती माणसांचं काम असतं हे ओळखणे.
- आपल्या शाळेपासून वैमानिकाच्या खुर्चीपर्यंतचे टप्पे क्रमाने सांगता येणे.
- गर्दीत, लांबच्या प्रवासात शिस्तीने आणि सुरक्षित वागणे.

तिसरं उद्दिष्ट मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आभाळ दाखवून जिना न दाखवणं हे मुलावर अन्यायाचं आहे.

३) सहलीच्या आधी : वर्गात आणि मैदानावर

आम्ही तीन दिवस रोज एक तास दिला.

*पहिला दिवस : खळ्यावरचं विमान.* हॉक विमान सुमारे १२.४ मीटर लांब आणि पंखांसह जवळपास १० मीटर रुंद असतं. मुलांनी सुतळी आणि मीटरपट्टी घेऊन हा आकार चुन्याने मैदानावर आखला. आखून झाल्यावर पूर्ण वर्ग त्यात बसवला. "एवढुसाच?" असं काहींना वाटलं, तर काहींना ते आपल्या घरापेक्षा मोठं वाटलं. मग शेजारी, पंखाच्या टोकापासून ५ मीटर अंतर सोडून दुसरं विमान आखायला सांगितलं. ५ मीटर म्हणजे आमच्या वर्गखोलीची रुंदीही नाही, हे मुलांनी स्वतः मोजून काढलं.

*दुसरा दिवस : नऊ जणांची रांग.* ९ मुलं पाचरीच्या आकारात उभी करा. सर्वांत पुढे म्होरक्या. सर्वांनी हात पसरून, एकमेकांना स्पर्श न करता मैदानाला फेरी मारायची. पहिल्या फेरीत आमच्या रांगेचा पार चुराडा झाला, कारण प्रत्येक जण आपल्या पायांकडे पाहत होता. मग नियम सांगितला : मागच्यांनी जमिनीकडे पाहायचं नाही, फक्त पुढच्याच्या खांद्याकडे पाहायचं. तिसऱ्या फेरीत रचना टिकली. एकत्र उडणारे वैमानिकही असंच करतात. पुढच्या विमानावरच्या ठरावीक खुणांवर नजर ठेवून आपली जागा धरतात. म्होरक्यावर विश्वास आणि म्होरक्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी इथे भाषण न करता कळतात. म्होरकेपण प्रत्येकाला एकदा द्या. मुलीला दिल्यावर मुलं कशी वागतात, तेही पाहून ठेवा.

*तिसरा दिवस : गणित.* सोपं जावं म्हणून विमानाचा वेग ताशी ६०० किलोमीटर धरला.

- एका मिनिटात किती अंतर? १० किलोमीटर.
- नागभीड ते नागपूर १०० किलोमीटर, म्हणजे १० मिनिटं. एसटीला अडीच तास. ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्या माणसाला २० तास.
- एका सेकंदात किती? सुमारे १६७ मीटर.
- मग ५ मीटर अंतर कापायला किती वेळ? सेकंदाचा साधारण तेहतिसावा भाग.

शेवटचं उत्तर फळ्यावर आलं तेव्हा वर्ग शांत झाला. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. भागाकाराचा कंटाळा करणारी मुलंही त्या दिवशी स्वतःहून नवे आकडे टाकून पाहत होती.

४) सहलीचं नियोजन : जंगलपट्ट्यातल्या शाळांसाठी

परवानगी, पालकांची संमतिपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचार पेटी हे नेहमीचं सगळ्यांना माहीत आहे. शालेय सहलीसाठी एसटी भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, तीही घ्या. प्रवेशाचे नियम दर वेळी बदलू शकतात, म्हणून आयोजकांकडून आधी खात्री करून घ्या. पण आपल्या भागासाठी काही गोष्टी वेगळ्याने सांगायला हव्यात.

*परतीची वेळ.* आमची काही मुलं बसथांब्यावरून दोन-तीन किलोमीटर आतल्या गावांत राहतात आणि तो रस्ता जंगलातून जातो. ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात वाघाचा वावर आहे हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात साडेपाचलाच अंधार पडू लागतो. उमरेड, भिवापूर, कान्पा असं थांबत परत यायचं म्हटलं की रात्र होतेच. म्हणून आधीच ठरवलं : आतल्या गावांतल्या मुलांचे पालक शाळेत येऊन थांबतील आणि सर्व जण एकत्र, वाहनाने जातील. ज्यांना येणं शक्य नव्हतं, त्यांची मुलं शाळेजवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला राहिली. हे यादीत लिहून, सही घेऊनच बस हलली.

*धान कापणी.* नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापणीचा हंगाम. मूल एक दिवस गेलं तर घरी दोन हात कमी पडतात. एका आजोबांनी सरळ विचारलं, "गुरुजी, इमान पायल्यानं पोट भरते का?" या प्रश्नाला हसून टाळू नये. आम्ही पालकसभा घेतली, सहलीतून मूल काय शिकेल ते सांगितलं आणि कोणावरही सक्ती केली नाही. आजोबांनी नात पाठवली, शेंगदाण्यांचा डबाही सोबत दिला.

*पाणी आणि सावली.* ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर वायुसेना दिनाच्या निमित्ताने प्रात्यक्षिकं झाली. लाखो लोक जमले होते. ऊन आणि गर्दी यांच्या त्रासाने ५ जणांचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. विदर्भातला नोव्हेंबर सौम्य असला, तरी उघड्या मैदानावर तासन्तास मान वर करून उभं राहणं सोपं नाही. प्रत्येकी पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, लिंबू-साखर-मीठ हे हवंच. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे बसमध्ये पुन्हा एकदा बजावा. आवाज सहन न होणाऱ्या मुलांना कानांवर हात ठेवायला किंवा कापूस घालायला सांगा. आणि कार्यक्रम संपताच बाहेर पळू नका. गर्दी ओसरेपर्यंत जागेवर बसून डबा खा.

५) मैदानावर काय पाहायचं?

प्रत्येक मुलाला अर्ध्या पानाचं निरीक्षणपत्र दिलं होतं. त्यावर चारच प्रश्न होते.

*प्रश्न १ : आवाज आधी आला की विमान?*

पहिलं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा सगळ्या माना आवाजाच्या दिशेने वळल्या आणि तिथे विमान नव्हतंच. सातवीतली एक मुलगी ओरडली, "सर, आवाज मांगं रायला अन् इमान त समोर गेला!" ध्वनीचा वेग पाठ्यपुस्तकात सेकंदाला सुमारे ३४० मीटर असा दिलेला असतो, मुलं तो पाठही करतात. इथे तो कानांनी कळतो. विमान १ किलोमीटरवर असेल तर आवाज यायला जवळपास ३ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ज्या जागेवरून आवाज येतो, ती विमानाची जुनी जागा. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्याचंही कारण हेच, हे मुलांनी परतीच्या बसमध्ये स्वतःच जोडून घेतलं.

*प्रश्न २ : धूर कुठून येतो?*

बहुतेकांना वाटतं की काहीतरी जळतंय. प्रत्यक्षात इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात डिझेलसारखं तेल सोडतात. त्याची वाफ होते, बाहेरच्या थंड हवेत ती निवून बारीक थेंब बनतात आणि आपल्याला पांढरा पट्टा दिसतो. रंगीत धुरासाठी त्यात रंग मिसळतात. आपल्या गावावरून उंच जाणाऱ्या प्रवासी विमानाची पांढरी रेघ मात्र वेगळी. तिथे इंजिनातून निघालेली पाण्याची वाफ अतिथंड हवेत गोठते. हिवाळ्याच्या सकाळी तोंडातून वाफ निघते ना, तसंच. ज्या रेघेपासून मुलांचं कुतूहल सुरू झालं होतं, तिचं उत्तर त्यांना असं मिळालं.

*प्रश्न ३ : पॅराशूट हळू का उतरतं?*

वायुसेनेचा 'आकाशगंगा' हा छत्रीधारी जवानांचा संघ १९८७ पासून अशी प्रात्यक्षिकं करतो. विमानातून उडी, मग छत्री उघडणं आणि वाऱ्याचा अंदाज घेत ठरल्या जागी उतरणं. परत आल्यावर रुमाल, दोरा आणि खडा घेऊन छोटं पॅराशूट करा. मोठा रुमाल, छोटा रुमाल, भोक पाडलेला रुमाल, तीन प्रकार. शाळेच्या ओट्यावरून सोडून सेकंद मोजा आणि तक्ता भरा. हवेचा रोध शिकवायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही.

*प्रश्न ४ : जमिनीवर काम करणारी किती प्रकारची माणसं दिसली?*

हा प्रश्न मुद्दाम घातला होता. सगळे वर पाहत असताना खाली पाहायला कुणीतरी सांगावं लागतं. मुलांच्या यादीत आलं : अग्निशमन गाडीवाले, रुग्णवाहिका, माईकवर माहिती सांगणारे, गर्दी सांभाळणारे, दुर्बिणीने पाहणारे. मग वर्गात आम्ही न दिसणारी माणसं जोडली : हवामान सांगणारे, विमानतळावरून वाहतूक नियंत्रित करणारे, रडारवर बसलेले आणि विमान दुरुस्त करणारे.

नागपूरला हे विशेष लागू पडतं. मेंटेनन्स कमांडचं कामच विमानं उडण्यायोग्य ठेवणं. वायुसेनेची दुरुस्ती केंद्रं तिच्या अखत्यारीत येतात. आपल्याच राज्यात नाशिकजवळ ओझरला असं एक केंद्र आहे. तिथेच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखानाही आहे.

या माणसांच्या कामाची चव देण्यासाठी एक उपक्रम घ्या. धावपट्टीवर पडलेला एखादा खडा किंवा स्क्रू इंजिनात ओढला गेला तर इंजिन निकामी होऊ शकतं. म्हणून वायुसैनिक ओळीने चालत धावपट्टी डोळ्यांनी विंचरून काढतात. आम्ही शाळेच्या मैदानावर ३० मुलांची ओळ केली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. खिळे, काचा, प्लास्टिक, ब्लेडचे तुकडे मिळून पाऊण बादली भरली. स्वच्छतेवर मी वर्षभर जे बोललो असतो ते या एका फेरीने झालं. विमानतळाजवळ कचरा टाकला की पक्षी येतात आणि पक्षी विमानाला धडकतात, हेही त्याच वेळी सांगून टाकलं.

६) परत आल्यावर : जिन्याच्या पायऱ्या

सहलीनंतरचा आठवडा सर्वांत मोलाचा. मुलं भारावलेली असतात. याच वेळी त्यांच्यासमोर खरी वाट ठेवावी. आम्ही भिंतीवर कागदी जिना चिकटवला. प्रत्येक पायरीवर इयत्ता आणि काय करायचं ते लिहिलं.

*पायरी पहिली, पाचवी-सहावी.* सैनिकी शाळेची प्रवेश परीक्षा. सहावीच्या प्रवेशासाठी वय १० ते १२ वर्षं लागतं. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच, बल्लारपूरजवळ भिवकुंड इथे २०१९ पासून सैनिकी शाळा आहे. सातारची शाळा तर १९६१ पासूनची. आता मुलींनाही प्रवेश मिळतो. नववीलाही एक संधी असते.

*पायरी दुसरी, दहावीनंतर.* छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांना अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून देते. ही राज्य शासनाची संस्था १९७७ पासून आहे. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे.

*पायरी तिसरी, बारावी.* इथे खूप मुलांची वाट अडते, म्हणून ठळक लिहा : वायुसेनेसाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. नुसतं जीवशास्त्र घेऊन, गणित सोडून हे दार उघडत नाही. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा शुल्क १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना तेही माफ. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतलं प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. "पायलट व्हायला लाखो रुपये लागतात" असं पालक म्हणतात. खासगी वैमानिक परवान्यासाठी ते खरं आहे, वायुसेनेसाठी नाही.

*पायरी चौथी, पदवीनंतर.* बारावीला जमलं नाही तर सगळं संपलं असं नाही. पदवीनंतर वायुसेनेची एएफकॅट परीक्षा देता येते. मुलाखत आणि चाचण्या झाल्या की उड्डाणाचं प्रशिक्षण सुरू होतं. हैदराबादजवळच्या दुंडीगलला वायुसेनेची अकादमी आहे.

*बाजूच्या पायऱ्या.* विमानाजवळ पोचायला पायलटच व्हावं लागतं असं नाही. अग्निवीर वायू भरतीत बारावी विज्ञान किंवा अभियांत्रिकी पदविका झालेल्यांना संधी असते. मात्र ती ४ वर्षांची असते आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच उमेदवार कायम होतात, हेही पालकांना स्पष्ट सांगा. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याच्या जोडणीचा अभ्यासक्रम आहे. घरी मोटारपंप उघडून बसणाऱ्या मुलासाठी हे फार कामाचं आहे.

वय, गुण, शारीरिक मोजमापं यांचे नियम बदलत असतात. म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात पाहूनच अर्ज भरावा, ही सूचना जिन्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहा.

७) डोळ्यांचा प्रश्न

जिन्यासोबत आम्ही भिंतीवर नजर तपासणीचा तक्ता लावला. ६ मीटरवर रेघ आखली आणि प्रत्येकाला एकेक डोळा झाकून वाचायला सांगितलं. त्या ११ जणांतला एक मुलगा होता, वर्गात विमानांची सर्वांत चांगली चित्रं काढणारा. त्याला चौथ्या ओळीपुढे काही दिसेना. "अक्षरं हालतात" असं म्हणाला. फळ्याजवळ बसायची त्याची सवय आम्हाला हुशारीची खूण वाटायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा त्याला पुन्हा दाखवलं. ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली, चष्मा लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सर, आता मी पायलट नाई होनार ना?"

अशा वेळी शिक्षकाने काय बोलावं? "होशील रे, प्रयत्न कर" असं म्हणणं सोपं आहे, पण पाच-सहा वर्षांनी वैद्यकीय चाचणीत ते मूल तोंडघशी पडतं. "नाही" म्हणून विषय संपवणं त्याहून वाईट. मी त्याला खरं होतं ते सांगितलं. वायुसेनेत वैमानिकासाठी नजरेचे निकष फार कडक आहेत, तिथे तुला अवघड जाईल. प्रवासी विमानांच्या वैमानिकांना चष्मा चालतो, पण त्याचं शिक्षण महाग आहे. विमान तयार करणारे अभियंते, हवामान सांगणारे, विमानांना आभाळात वाट देणारे नियंत्रक यांना चष्मा आडवा येत नाही. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी जिन्यावरचं आपलं नाव काढून त्याने बाजूच्या पायरीवर चिकटवलं आणि विचारलं, "इमान बनवनाऱ्याले गनित किती लागते?"

बारावीनंतर कळण्यापेक्षा बाराव्या वर्षी कळलेलं बरं. शिवाय चष्मा लागल्यापासून त्याला फळा दिसतो, हा फायदा वेगळाच. पालकांना कळकळीने सांगतो, मुलाला पायलट व्हायचं असो वा नसो, वर्षातून एकदा नजर तपासा. रंग ओळखण्याची तपासणीही करून घ्या. उंचीचाही निकष असतो, उड्डाण शाखेसाठी किमान १६२.५ सेंटिमीटर. वाढत्या वयात दूध, अंडी, डाळ, खेळ आणि झोप यांकडे लक्ष देणं पालकांच्या हातात आहे.

८) मुलींच्या पालकांशी दोन शब्द

आमच्या गटातल्या चारपैकी एका मुलीच्या घरून "पोरीच्या जातीले इमान कायले?" असा प्रश्न आला. वाद घालण्यापेक्षा मी माहिती दिली. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या देशाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून वायुसेनेत दाखल झाल्या. नागपूरच्या अंतरा मेहता याही लढाऊ वैमानिक झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींसाठी उघडलं, २०२२ मध्ये पहिल्या १९ मुली तिथे गेल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. पालक सगळे लगेच पटतात असं नाही. पण "असं होतच नाही" हे वाक्य तरी घरात बंद होतं.

९) मुलांचे अवघड प्रश्न

"सर, हे इमान बॉम्ब टाकते का?" आणि "पडलं तर?" हे दोन प्रश्न हमखास येतात.

पहिल्याचं उत्तर : हॉक हे मुळात प्रशिक्षणाचं विमान आहे. इतर विमानं लढाईसाठी असतात आणि लढाईत माणसं मरतात, हे मुलांपासून लपवू नये. त्याच वेळी वायुसेनेची दुसरी कामंही सांगावीत. पुरात अडकलेल्यांना काढणं, औषधं पोचवणं. शेजारच्या गडचिरोलीत दुर्गम मतदान केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने नेले जातात. निवडणूक ड्युटीवर गेलेल्या आपल्यापैकी काही शिक्षकांनी त्यात बसून प्रवास केला आहे. असे कुणी ओळखीचे असतील तर त्यांना वर्गात बोलवा.

दुसऱ्याचं उत्तर : हो, अपघात होतात. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूजवळ येलहंका इथे सरावात सूर्यकिरणची दोन विमानं धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. ५ मीटरचा हिशोब केलेल्या मुलांना हे ऐकून फार समजावावं लागत नाही. म्हणूनच एवढा सराव, एवढी तपासणी आणि एवढी शिस्त, एवढं वाक्य पुरतं.

१०) मूल्यमापन

लेखी परीक्षा नको. पुढचे पाच प्रश्न तोंडी विचारा :

१. आवाजाच्या दिशेने पाहिलं तर विमान का दिसत नाही?
२. नऊ जणांच्या रांगेत तू कोणाकडे पाहत होतास आणि का?
३. विमानाजवळ काम करणाऱ्या पाच प्रकारच्या माणसांची नावं सांग.
४. तुझ्या आवडीच्या कामासाठी अकरावीत कोणते विषय घ्यावे लागतील?
५. उद्यापासून तू नेमकं काय करणार आहेस?

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरावरून सहल किती रुजली ते कळतं. "खूप अभ्यास करीन" हे उत्तर स्वीकारू नका, नेमकं विचारा. आमच्याकडे आलेली काही उत्तरं : "रोज दहा भागाकार", "सैनिकी शाळेचा फॉर्म कधी निघतो ते सरांना विचारीन", "मोबाईल अंधारात पाहनार नाई", "सकाळी पळायला जाईन, पण आजा सोबत आला तरच". हे शेवटचं उत्तर वाघाच्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलीचं आहे. तिची अडचण खरी आहे, म्हणून आता शाळा भरण्याआधी अर्धा तास मैदान उघडं ठेवतो आणि ती इतर मुलींसोबत तिथेच पळते.

अकरापैकी किती जण पायलट होतील? कदाचित एकही नाही. पण अकरापैकी प्रत्येकाला आता पुढची पायरी कोणती ते माहीत आहे. आपल्या शाळेतून अशी सहल नेणार असाल तर निरीक्षणपत्र आणि जिन्याचा तक्ता जरूर वापरा, आपल्या गावाप्रमाणे बदला. पायऱ्यांवर मुलांची नावं मात्र त्यांनाच त्यांच्या हाताने चिकटवू द्या.